मधुमेहांत मूत्रपिंडें कां थकतात?

आमच्या ज्येष्ठ बंधूंस मधुमेह जडला त्यास आतां वीस वर्षें होत आलीं. त्यांतील पहिलीं पंधरा वर्षें त्यांनीं या दुखण्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. साखर तपासावयाची ती सणावारास, आणि तीहि श्रीखंडाचा बेत ठरून गेल्यानंतर! पुढें पायास एक लहानशी जखम झाली व ती महिना उलटला तरी भरेना, तेव्हां मात्र ते सावध झाले. गोड सोडलें, पहांटेचें फिरणें धरलें, औषधें वेळच्या वेळीं घेऊं लागले आणि रक्तांतील साखर नेमांत आली. घरांतील सर्वांस हायसें वाटलें. परंतु त्यानंतर तिसऱ्याच वर्षीं पायांवर सूज दिसूं लागली, आणि तपासणी झाली तेव्हां मूत्रपिंडांची शक्ति पाव हिश्शाहूनहि कमी उरली आहे असें निघालें. त्या दिवशीं घरीं परत येतांना बंधूंनीं आम्हांस एकच प्रश्न केला : “बेफिकीर होतों तेव्हां कांहीं झालें नाहीं, शहाणा झालों तेव्हां ही शिक्षा कां?”

आम्ही वैद्य नव्हे. आमचा जन्म खडू आणि फळा यांतच गेला. तथापि या प्रश्नानें आमच्या मनास जी टोंचणी लागली तिच्यामुळें गेलीं दोन वर्षें आम्हीं या विषयावर मिळेल तें वाचलें आणि जें समजलें नाहीं तें जाणत्यांस विचारलें. त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहों. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, आणि जे त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत त्यांची संख्या १३ कोटींच्या वर जाते. तेव्हां ज्या घरांत हा अंक वाचला जाईल त्या घरांत एक तरी मधुमेही नसेल असें सहसा घडावयाचें नाहीं. मधुमेह्यांपैकीं सुमारें तिघां-चौघांमागें एकाच्या मूत्रपिंडांस पुढेंमागें इजा पोंचते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हा विषय परक्याचा नाहीं हें निराळें सांगावयास नको.

प्राचीनांनीं काय पाहिलें

मधुमेह हा कांहीं कालपरवां आलेला पाहुणा नव्हे. आपल्या वैद्यकग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत : कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार, आणि मधुमेहाची गणना या शेवटल्या चारांत, म्हणजे असाध्यांत केली आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात हें लक्षण चरकसंहितेंत नमूद आहे. सुश्रुतसंहितेंत तर जन्मासवें येणारा आणि अपथ्यानें जडणारा असे दोन भेदहि केलेले आहेत, आणि त्यांत आजच्या दोन मुख्य प्रकारांची पुसट रेखा दिसते. हें निरीक्षण खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु कौतुकाच्या भरांत सत्य झांकून ठेवणें बरें नव्हे. वृक्कांचा, म्हणजे मूत्रपिंडांचा उल्लेख हे ग्रंथ करतात खरे. पण त्यांचा संबंध मूत्रापेक्षां मेदाशीं जोडतात. सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून याहून पुढें जाणें कोणासहि शक्य नव्हतें. १६६६ सालीं इटलींतील मालपीघी यानें मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे गोळे प्रथम पाहिले, आणि १८४२ सालीं इंग्लंडांतील विल्यम बोमन यानें त्या गोळ्यांभोंवतींची वाटी व तिच्यापासून निघणारी नळी यांचा संबंध उलगडून दाखविला.

गाळणीची रचना

प्रत्येक मूत्रपिंडांत अशा सुमारें १० लाख गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनहि बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक गुंता, त्याभोंवतीं एक वाटी आणि वाटीपासून निघालेली लांब नागमोडी नळी. दिवसाकांठीं या गाळण्यांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. परंतु आपण मूत्ररूपानें बाहेर टाकतों तें दीड-दोन लिटरच. म्हणजे गाळलेल्यापैकीं बहुतेक सर्व पाणी, मीठ व साखर या नळ्या परत रक्तांत ओढून घेतात. नुसती साखरच म्हटली तरी निरोगी मनुष्यांत रोजची सुमारें १८० ग्रॅम साखर गाळून खालीं येते आणि जवळजवळ कणन्‌कण परत उचलली जाते. हें काम फुकट होत नाहीं. दोन्हीं मूत्रपिंडें मिळून शरीराच्या वजनाचा शेंकडा अर्धा भागहि भरत नाहींत. पण स्वस्थ बसलेल्या मनुष्यास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं शेंकडा ७ ते १० भाग तीं एकटीं खातात. घरांतील एखादी कामसू सून दिसावयास किडकिडीत असावी, आणि सर्व घराचा भार मात्र तिच्यावर असावा, तशांतला हा प्रकार आहे.

गाळणीचा पडदा तीन पदरांचा आहे. आंतील पदर रक्तवाहिनीच्या पेशींचा, मधला एका चिवट पापुद्र्याचा, आणि बाहेरील पदर ‘पोडोसाइट’ नांवाच्या विलक्षण पेशींचा. या पेशींस पुष्कळ पाय असतात. आपण दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं त्याप्रमाणें शेजारशेजारच्या पेशींचे पाय एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्यांच्यामधील फटींतून पाणी जातें, पण रक्तांतील मौल्यवान प्रथिनें अडतात. या पेशींविषयीं एक गोष्ट वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. त्वचेच्या पेशी झिजतात, नव्या येतात. परंतु पोडोसाइट एकदां गळून पडली कीं तिची जागा भरून निघणें दुरापास्त असतें. मिळालेली पुंजी जन्मभर पुरवावयाची, असा हा व्यवहार आहे.

१९३६ सालचे दोन शोध

१९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें इन्सुलिनचा शोध लागला आणि जे मधुमेही पूर्वीं अल्पावधींत दगावत ते वर्षानुवर्षें जगूं लागले. तेव्हांच त्यांच्या अंगांत दडलेलीं नवीं दुखणीं बाहेर पडलीं. १९३६ सालीं पॉल किमेलस्टील व क्लिफर्ड विल्सन या दोघां चिकित्सकांनीं मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तों गाळण्यांच्या गुंत्यांत कठीण गोल गांठी आढळल्या. या गांठी आजहि त्या दोघांच्या नांवानेंच ओळखल्या जातात.

योगायोग असा कीं, त्याच १९३६ सालीं माँट्रियल येथील हान्स सेल्ये यानें एक छोटें टिपण प्रसिद्ध केलें. उंदरांस थंडी, जखम, अतिश्रम किंवा विष यांपैकीं कसलाहि त्रास दिला तरी त्यांच्या शरीरांत जवळजवळ एकाच तऱ्हेचे फेरफार होतात, असें त्यानें दाखविलें. पुढें यासच ‘ताण’ असें नांव पडलें. एका टिपणांत रोग होता, दुसऱ्यांत कल्पना होती. दोहोंची गांठ पडावयास मात्र पुढें कित्येक दशकें लागलीं.

येथें एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. ताण म्हटला कीं आपल्यास मनाची काळजी, कोर्टकज्जे, मुलीचें लग्न अशाच गोष्टी आठवतात. आम्ही येथें ज्या ताणाविषयीं लिहीत आहों तो मनाचा नव्हे. एकेका पेशीचा आहे. पेशीसहि संसार आहे. तिला चूल पेटवावी लागते, नवीं प्रथिनें तयार करावीं लागतात, केर काढावा लागतो. या कामांचा बोजा तिच्या शक्तीबाहेर गेला कीं ती धोक्याची घंटा वाजविते व बचावाचे उपाय सुरू करते. संकट लवकर टळलें तर हे उपाय तिला तारतात. टळलेंच नाहीं तर तेच उपाय तिच्या मुळावर येतात.

तीन प्रकारचे ताण

पहिला ताण चुलीचा. शरीरांतील पुष्कळ पेशी इन्सुलिनच्या परवानगीवांचून फारशी साखर आंत घेत नाहींत. परंतु रक्तवाहिन्यांच्या व गाळणीच्या कांहीं पेशींस हा दरवाजा नीटसा लावून घेतां येत नाहीं. रक्तांत साखर वाढली कीं ती त्यांच्या आंतहि वाढते. पेशींतील मायटोकाँड्रिया नांवाचीं सूक्ष्म अंगें म्हणजे तिच्या चुली. चुलींत मावेल त्याहून जास्त लांकूड कोंबलें तर जाळ कमी आणि धूर फार, हा अनुभव आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस आहेच. पेशींतील हा धूर म्हणजे प्राणवायूचीं अतितापट, दिसेल त्यास डसणारीं रूपें. न्यूयॉर्क येथील मायकेल ब्राउनली यांनीं २००१ सालीं असा सिद्धान्त मांडला कीं, हा धूरच सर्व अनर्थाचें मूळ आहे. त्यामुळें साखर जाळण्याची सरळ वाट अडते आणि तुंबलेली साखर चार आडवाटांनीं जाऊन पेशीची नासधूस करते. हा सिद्धान्त फार गाजला. पण शास्त्रांत कोणाचाहि शब्द शेवटचा नसतो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडांत हा धूर वाढलेला नसून उलट कमी झालेला, आणि चुलीच मंदावलेल्या आढळल्या. तेव्हां आरंभीं धूर, पुढें चुली विझणें, अशी ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. परंतु चुलींत बिघाड होतो याविषयीं मतभेद उरलेला नाहीं.

दुसरा ताण घड्यांचा. पेशींत तयार होणारें प्रत्येक प्रथिन आधीं लांब दोऱ्यासारखें असतें. त्याची ठराविक घडी पडली तरच तें कामास येतें. धोतराच्या निऱ्या नीट न पडल्या तर तें नेसतां येत नाहीं, तसेंच हें. घड्या घालण्याचें काम एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या लांबलचक नांवाच्या एका पडदेदार जाळ्यांत चालतें. तेथें चुकीच्या घड्यांचा ढीग सांचला कीं धोक्याची सूचना पेशीच्या केंद्रापर्यंत जाते. ही सूचना कशी जाते याचा उलगडा अमेरिकेंतील पीटर वॉल्टर आणि जपानी शास्त्रज्ञ काझुतोशी मोरी यांनीं १९९३ सालापासून स्वतंत्रपणें केला, आणि त्याबद्दल दोघांस २०१४ सालीं लास्कर पारितोषिक मिळालें. सूचना मिळतांच पेशी नवें काम थांबविते, घड्या घालणारे मदतनीस वाढविते व बिघडलेला माल मोडून टाकते. पण ढीग हटेचना तर अखेर तीच यंत्रणा पेशीला स्वतःचा अंत करून घेण्याची आज्ञा देते. मधुमेही मूत्रपिंडांच्या पेशींत हा ढीग सांचल्याच्या खुणा मिळाल्या आहेत.

तिसरा ताण श्वासाचा. रक्तांत साखर जास्त म्हणजे गाळून खालीं येणारी साखर जास्त. आणि ती परत उचलण्याचें काम नळ्या इमानेंइतबारें करीतच राहतात, किंबहुना साखर उचलणाऱ्या हमालांची संख्या वाढवितात. या हमालांच्या पाठीवर साखरेबरोबर मीठहि चढतें. त्यामुळें नळीच्या पुढील टोंकास मीठ कमी पोंचतें. तेथील पहारेकऱ्यास वाटतें, गाळण कमी होत आहे. आणि तो गाळणीकडे येणाऱ्या रक्ताचा दरवाजा आणखी उघडतो. परिणाम असा कीं, गाळणींतील दाब वाढतो आणि ती जरूरीपेक्षां अधिक गाळूं लागते. या काळांत तपासणी केली तर मूत्रपिंडें नेहमीपेक्षांहि जोमानें काम करतांना दिसतात! इकडे नळ्यांचें काम वाढलें म्हणजे प्राणवायु अधिक लागतो, आणि मूत्रपिंडाच्या आंतल्या भागांत तो मूळचाच बेताचा असतो. पेशी गुदमरूं लागतात.

या तिन्हींवर चौथी गोष्ट केर काढण्याची. पेशी आपले जुने, मोडके भाग मोडींत काढून त्यांतून नवे भाग करते. या व्यवस्थेचा उलगडा जपानचे योशिनोरी ओसुमी यांनीं किण्वावर प्रयोग करून केला आणि त्यांस २०१६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. अन्नाची सुकाळी फार दिवस टिकली तर ही साफसफाई मंदावते. पोडोसाइटसारख्या पेशीस, जिला दुसरा जन्म नाहीं, हा केर फार महागांत पडतो. तिचे गुंतलेले पाय आंखडतात, फटी बिघडतात, प्रथिनें गळूं लागतात, आणि शेवटीं ती स्वतःच सुटून मूत्राबरोबर वाहून जाते. उरलेल्या पेशी दाहाचे निरोप पाठवितात. जखमेवर जसा वण धरतो तसे मूत्रपिंडांत जागोजाग वण धरतात. वण गाळण्याचें काम करीत नाहीं.

बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पंधरा वर्षांच्या बेफिकिरींत कांहीं झालें नाहीं, ही बंधूंची समजूतच मुळांत चुकीची होती. होत सर्व कांहीं होतें. दुखत मात्र नव्हतें. मूत्रपिंडांजवळ सामर्थ्याचा मोठा सांठा असतो. निम्मी शक्ति गेली तरी मनुष्य धडधाकट हिंडतो, आणि रक्तांतील क्रिएटिनिनचा आंकडाहि बहुधा नेमांतच दिसतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, शरीराची स्मरणशक्ति आपल्या समजुतीहून दांडगी आहे. १९८३ ते १९९३ या दहा वर्षांत अमेरिका व कॅनडा येथें पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १४४१ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांची साखर कसोशीनें आटोक्यांत ठेवली, निम्म्यांस त्या वेळची नेहमीची चिकित्सा दिली. प्रयोग संपल्यावर सर्वांसच कसोशीचा मार्ग सांगण्यांत आला आणि कांहीं वर्षांत दोन्ही गटांतील साखर सारखीच झाली. तरीहि ज्यांनीं आरंभापासून साखर सांभाळली होती त्यांचीं मूत्रपिंडें पुढें पुष्कळ वर्षें दुसऱ्या गटाहून चांगलीं राहिलीं. साखरेनें प्रथिनांवर चढविलेला लेप, पोळी तव्यावर तांबूस होते त्याच जातीची ती क्रिया, लवकर निघत नाहीं. पेशींच्या जनुकांवर उमटलेल्या खुणाहि रेंगाळतात. आणि धरलेला वण तर जातच नाहीं. लहानपणीं लागलेलें वळण म्हातारपणीं दिसतें, हा शाळेंतला अनुभव येथेंहि खरा ठरतो. म्हणून बंधूंस झालेली शिक्षा शहाणपणाची नव्हे; आधींच्या वर्षांची. उशिरां आलेल्या शहाणपणानेंहि त्यांचे डोळे व पाय राखले, हा लाभ कमी नव्हे.

धुरावर औषध आहे काय?

वाचक म्हणतील, धूर हेंच जर कारण तर धूर शोषणारें औषध घ्यावें. बाजारांत ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्या याच आशेवर विकल्या जातात, आणि आमच्याहि घरीं त्यांची एक रांग होती. परंतु प्रयोगाचा निकाल निराळा आहे. होप नांवाच्या मोठ्या प्रयोगांत हजारो मधुमेह्यांस वर्षानुवर्षें इ जीवनसत्त्व दिलें. मूत्रपिंडांस कांहींहि लाभ झाला नाहीं. कॅनडांत मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या २३८ रोग्यांवर ब गटांतील जीवनसत्त्वांच्या भारी मात्रांचा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१० सालीं बाहेर आला : औषध घेणाऱ्यांचीं मूत्रपिंडें न घेणाऱ्यांपेक्षां जलद खालावलीं. बार्डोक्सोलोन नांवाचें औषध पेशीची स्वतःचीच धूरनिवारक यंत्रणा जागी करतें. त्यापासून फार अपेक्षा होत्या. पण २१८५ रोग्यांवरील प्रयोग २०१२ सालीं मध्येंच थांबवावा लागला, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय थकण्याचे प्रसंग वाढले. यावरून कारण कळणें आणि उपाय सांपडणें या दोन गोष्टींत केवढें अंतर असतें हें दिसून येईल.

यश आलें तें निराळ्या वाटेनें : धूर पुसण्याऐवजीं चुलीवरचा भार कमी करून. १९९३ सालीं कॅप्टोप्रिल आणि २००१ सालीं लोसार्टन व इर्बेसार्टन या रक्तदाबाच्या औषधांनीं गाळणींतील दाब उतरवून मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो असें सिद्ध झालें. त्यापुढील औषधाची कथा मोठी मनोरंजक आहे. १८३५ सालीं बेल्जियमच्या रसायनज्ञांनीं सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून फ्लोरिझिन नांवाचें कडू द्रव्य काढलें. तें दिलें असतां मूत्रावाटे साखर जाते असें १८८६ सालीं फॉन मेरिंग यानें दाखविलें. पण पुढें शतकभर तें प्रयोगशाळेपलीकडे गेलें नाहीं. मूत्रांत साखर जाणें हा तर रोग. तोच उपाय कसा व्हावा? विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच द्रव्याच्या धर्तीवर नवीं औषधें बनविण्यांत आलीं. तीं नळींतील साखर उचलणाऱ्या हमालांस रजा देतात. साखर व मीठ खालीं जाऊं लागतें, पहारेकऱ्याचा गैरसमज दूर होतो, गाळणींतील दाब उतरतो आणि नळ्यांचे श्रमहि हलके होतात. २०१९ सालीं ४४०१ मधुमेही रोग्यांवरील प्रयोगांत कॅनाग्लिफ्लोझिन या औषधानें मूत्रपिंड निकामी होणें व तत्सम अनर्थांचें प्रमाण सुमारें शेंकडा ३० नें घटलें. डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन हीं त्याच कुळांतील भावंडें; पैकीं पहिल्याचें पेटंट आपल्या देशांत २०२० सालीं संपल्यापासून देशी कारखाने तें बनवूं लागले आणि तें मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आवांक्यांत आलें. फिनेरेनोन (२०२०) व सेमाग्लुटाइड (२०२४) यांनींहि मूत्रपिंडांस लाभ होतो असें प्रयोगांत दिसलें आहे. अर्थात् हीं औषधें वाण्याच्या दुकानांतून आणावयाचीं नव्हेत. कडक उपवास, ओकाऱ्या-जुलाब किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगीं फ्लोझिन कुळांतील औषधें थांबवावीं लागतात. तेव्हां निर्जळी एकादशी करणाऱ्या आमच्या भगिनींनीं ही गोष्ट डॉक्टरांस आधीं सांगितलीच पाहिजे.

घरानें काय करावें

मूत्रपिंडें बोलत नाहींत. त्यांस बोलतें करावें लागतें. त्यासाठीं दोन साध्या तपासण्या आहेत. एक, मूत्रांतील ॲल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचें प्रमाण. दर ग्रॅम क्रिएटिनिनमागें ३० मिलिग्रॅमच्या आंत ॲल्ब्युमिन असावें. त्याहून अधिक गळत असेल तर पोडोसाइटची हांक ऐकूं आली असें समजावें. दुसरी, रक्तांतील क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडांची गति. तीन महिन्यांनंतरहि ही गति ६० च्या खालींच राहिली तर तो विकारच होय. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यानें रोग समजल्या दिवसापासून आणि पहिल्या प्रकारच्यानें पांच वर्षांनंतर दर वर्षीं या दोन्ही तपासण्या कराव्या. नुसती साखर व क्रिएटिनिन पाहून समाधान मानूं नये. आमच्या घरीं नेमकें तेंच झालें.

मीठ दिवसाचें ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, याहून अधिक नसावें. आणि पापड, लोणचें व सांडगे यांचें मीठ याच चमच्यांत धरावयाचें आहे. रक्तदाब नेमांत ठेवावा. तंबाखू सोडावी. गुडघेदुखीवरील वेदनाशामक गोळ्या मनानें घेत राहूं नये. त्या मूत्रपिंडांकडे जाणारें रक्त आटवितात. बंधूंनीं त्या कित्येक वर्षें घेतल्या, आणि आणून देणारे आम्हीच होतों. ज्यांचे घटक ठाऊक नाहींत अशा भस्मांपासून व चूर्णांपासूनहि दूर राहावें.

याहून कठीण पथ्य मात्र घराचें आहे. एकत्र कुटुंबांत मधुमेह एकाच्या अंगांत असला तरी त्याचें ताट सर्वांच्या हातांत असतें. पंगतींत आग्रह करणें ही आपल्याकडे मायेची खूण. नको म्हणणें हा अपमान. “एवढ्यानें काय होतें?” हें वाक्य आमच्या घरांत आम्हींच कितीदां उच्चारलें असेल! एवढ्यानें काय होतें याचें उत्तर आतां आम्हांस ठाऊक आहे. त्या दिवशीं कांहीं होत नाहीं. पंधरा वर्षांनीं होतें.

बंधु हल्लीं आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिससाठीं जातात. एका वेळेस चार तास यंत्राशेजारीं पडून राहावें लागतें. कोणी तरी सोबत असावें लागतें, आणि घराचा क्रमच त्या तीन दिवसांभोंवतीं फिरतो. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांस गेल्या वर्षीं मधुमेह निघाला. त्या संध्याकाळीं बंधूंनीं भिंतीवरील दिनदर्शिका मागून घेतली आणि घरांतील तिघां मधुमेह्यांच्या वाढदिवसांवर लाल पेन्सिलीनें खूण करून शेजारीं ‘मूत्रतपासणी’ असें लिहिलें. यंदा त्या तिघांपैकीं एकीचा, आमच्या पुतणीचा आंकडा ५२ आला. तिला कसलाहि त्रास नव्हता, आणि तपासणी झाली नसती तर तो आंकडा कोणास कळलाहि नसता. तीन महिन्यांच्या अवधींत आणखी दोनदां तपासलें, तेव्हांहि तो ३० च्या वरच निघाला. नंतर डॉक्टरांनीं दोन औषधें सुरू केलीं, मीठ कमी झालें, आणि गेल्या महिन्यांत तो ३४ वर उतरला आहे. बंधूंनीं तो कागद दोनदां वाचला व दिनदर्शिकेच्या मागें जपून ठेवला.